वाचविलेल्या आयुष्याचे पुढे काय?

आरोग्ययोजनांच्या यशाचे मोजमाप आपण झालेल्या शस्त्रक्रियांवरून करतो. त्या माणसांचे दहा वर्षांनी काय झाले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. बालपणी मेंदूतील गाठ काढलेल्या मुलांच्या बाबतीत ही उपेक्षा क्रूर ठरते.

मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. लहान मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा काढल्यावर बहुधा संपूर्ण मेंदू व पाठीचा कणा यांना किरणोपचार द्यावे लागतात. त्यांनी जीव वाचतो. पण वय जितके कोवळे, तितकी त्याची किंमत अधिक. विचारांची गती मंदावते, एकाग्रता टिकत नाही, पीयूषिका ग्रंथीला इजा होऊन वाढ खुंटते, काही औषधांनी ऐकू कमी येते. ही सारी हानी डिस्चार्जच्या दिवशी दिसत नाही. बरोबरीची मुले पुढे जाऊ लागली म्हणजे ती उघडी पडते.

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. समजलेले तो नीट सांगे, पण उत्तरपत्रिका निम्मी कोरी राही. मी त्याला आळशी ठरविले. सातव्या वर्षी त्याची शस्त्रक्रिया झाली होती, हे मला कळले ते त्याने शिक्षण सोडल्यावर. ती चूक माझी होती, परंतु केवळ माझी नव्हती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. आमच्या शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. या गोष्टींचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु पॅकेज उपचाराचे असते, आयुष्याचे नसते. पुढची संप्रेरके, श्रवणयंत्र, शिकवणी आणि आईची बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंब वाहते. याला काटकसर म्हणत नाहीत. शासनाने आपला खर्च गरिबाच्या खात्यावर टाकला, असे म्हणतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. या मुलांचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही. थोडे ऐकू कमी, थोडी दृष्टी अधू, थोडी गती मंद, अशा मुलाला ४० टक्क्यांची अट गाठणे कठीण. मग नोकरीतील आरक्षण नाही.

गरीब देशाला हे परवडेल काय, असे विचारले जाईल. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. तेव्हा ही काही परदेशी चैन नव्हे. पण हिंगोलीच्या शेतमजुराने दरवर्षी मुंबई गाठावी कशी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळाशाळांतून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. अशा मुलांची नोंद त्यांच्याकडे सोपवावी. संप्रेरके, श्रवण व आकलन यांची वार्षिक तपासणी विभागीय ठिकाणी मोफत व्हावी. प्रमाणपत्र देताना एकेका अवयवाऐवजी एकत्रित परिणाम पाहावा. आणि शिक्षकाला हे आधी कळावे. यासाठी नवे रुग्णालय उभारावे लागत नाही.

मुलाला वाचविण्याचा निर्णय समाजाने एकदा घेतला, की त्याच्या जगण्याची जबाबदारीही समाजाकडेच येते. मराठवाड्यातील साथींनी हा प्रश्न अर्थसंकल्पापूर्वी आपापल्या आमदारांपुढे मांडावा.