बाकावरील पंक्ति

पंक्ति म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें पाट, रांगोळी आणि केळीचीं पानें उभीं राहतात. त्या पंक्तींत कोणी बसावें व कोणी बसूं नये, हा प्रश्न आपल्या समाजांत केवढा दाहक होता हें सांगावयास १८९० सालचा पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा पुरेसा आहे. एका पेल्यापायीं न्यायमूर्ति रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें. सुशिक्षित घरांत आतां तो प्रश्न उरला नाहीं असें आपण म्हणतों. आम्हीही म्हणत होतों. गेल्या उन्हाळ्यांत जर्मनींतील म्यूनिक शहरीं एका लांकडी बाकावर बसण्याचा प्रसंग आला, तेव्हां मात्र तो आमच्याच घरांत, थोरल्या वहिनींच्या हातांतील डब्यांत, सुखरूप असल्याचें ध्यानांत आलें.

आमचा पुतण्या तेथें नोकरीस आहे. त्यानें आपल्या कचेरींतील एका जर्मन मुलीशीं विवाह करण्याचें योजलें असून, दोन्ही घरच्या वडील मंडळींची गांठ पडावी म्हणून दादा, वहिनी व आम्ही असे तिघे गेलों होतों. वहिनी ह्या लग्नाला 'नाहीं' म्हणाल्या नव्हत्या. 'हो'ही म्हणाल्या नव्हत्या.

पहिल्या सायंकाळीं पुतण्यानें आपल्या मित्रमंडळींसह आम्हांस एका साध्या भोजनगृहांत नेलें. पुतण्या, ती मुलगी, तिचे दोन जर्मन सोबती, एक तुर्की गृहस्थ आणि आम्ही तिघे. तुर्की गृहस्थ डुकराचें मांस वर्ज्य मानणारे. जर्मन सोबत्यांपैकीं एक तरुण मांसाला मुळींच न शिवणारा, इतका कीं आमच्या दादांना त्यानें सोंवळेपणांत मागें टाकलें. वहिनींनीं यादींतील बटाट्याची कोशिंबीर निवडली. वाढणाऱ्या बाईनें कपाळावरील कुंकवाकडे पाहिलें, आणि न विचारतां सांगितलें कीं आमच्याकडे ह्या कोशिंबिरींत मांसाचें सार घालतात; तांबड्या कोबींतही पुष्कळदां चरबी असते. परदेशीं शाकाहारी माणसाला दिसतें त्याहून न दिसणाऱ्याचें भय अधिक, हें ठाऊक असणाऱ्या त्या बाईविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला. वहिनींनीं उकडलेले बटाटे व लोणी घेतलें, आणि तेंही अर्धें टाकलें.

जेवण आटोपल्यावर त्याच बाईनें वही काढून विचारलें, "एकत्र कीं वेगवेगळें?" दादा ताबडतोब "एकत्र!" म्हणाले. वडील माणूस पंक्तीला असतां पोरांनीं खिशांत हात घालावा, हें त्यांना कसें रुचावें? परंतु तो शाकाहारी तरुण कावराबावरा झाला, आणि आपल्या जेवणाचे पैसे मोजून त्यानें दादांपुढें ठेवले. दादांचा चेहरा असा पडला कीं जणूं कोणी आहेराचें पाकीट परत केलें. घरीं आल्यावर मुलीनें उलगडा केला. त्या देशांत पैसे कोणीं द्यावयाचे हें आरंभींच्या एका शब्दावर ठरतें. 'मी तुम्हांस बोलावतों' असें म्हटलें तर बोलावणाऱ्यानें द्यावयाचे. तसें म्हटलें नसेल तर ज्याचे त्यानें. शेवटीं अकस्मात् दुसऱ्यानें दिले तर घेणाऱ्याला उगाच ऋण झाल्यासारखें वाटतें. आम्हांस हा रिवाज कोरडा वाटला. मागाहून मात्र आपल्याकडील उपाहारगृहांच्या गल्ल्यापुढें चाललेली ओढाताण आठवली, आणि आम्ही गप्प राहिलों.

तिसऱ्या दिवशीं रविवार. मुलीच्या आईवडिलांनीं भेटीला जागा सुचविली ती 'बिअरची बाग'. नांव ऐकतांच वहिनींच्या कपाळावर आठी उमटली. तेथें घरचा डबा नेतां येतो, आणि हा हक्क दोनशें वर्षांचा आहे, असें पुतण्यानें सांगितल्यावर ती निम्मी उतरली.

ह्या हक्काचा उगम मोठा मौजेचा आहे. बव्हेरियांतील बिअर थंडींतच नीट आंबे, आणि उन्हाळ्यांत ती करण्यास पूर्वीं मनाई असे. म्हणून ती करणारे लोक म्यूनिकच्या ईझार नदीकांठीं खोल तळघरें खणून त्यांत उन्हाळ्याची बेगमी ठेवीत. वरची जमीन तापूं नये म्हणून तीवर खडी पसरीत व रुंद पानांचे चेस्टनट वृक्ष लावीत. लोक त्या सावलीला येऊन बसूं लागले. मालक तेथेंच पेले भरूं लागले, जेवणही विकूं लागले. शहरांतील खाणावळवाल्यांचें गिऱ्हाईक तुटलें आणि तंटा राजापर्यंत गेला. राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ ह्यानें १८१२ सालीं निवाडा दिला: बिअर विका, पाव द्या, अन्य जेवण विकूं नका. तेव्हां लोकांनीं काय करावें? त्यांनीं घरून शिदोरी आणली. पुढें ती मनाई गेली, शिदोरी राहिली. १९९९ सालीं बव्हेरियाच्या सरकारनें ह्या बागांविषयीं नियम केले, त्यांच्या विवरणांतही आपली शिदोरी तेथें फुकट खातां येणें हें अशा बागेचें लक्षण म्हणून नोंदलेलें आहे. पेय मात्र तेथलेंच विकत घ्यावयाचें. ज्या मेजावर कापड अंथरलेलें असतें तेथें वाढपी येतो व डबा चालत नाहीं. उघड्या लांकडाचें मेज आपलें. राजानें दुकानदारांचें भांडण मिटवावें, आणि त्यांत आमच्या वहिनींची सोय व्हावी!

आम्ही पोंचलों तों भावी व्याही व विहीणबाई टोपली घेऊन आधींच आलेल्या होत्या. त्यांनीं मेजाच्या आपल्या बाजूवर घरून आणलेलें चौकडीचें कापड पसरलें आणि वर पाव, लोण्यांत कालवलेलें चीज, आणि पिळाच्या जिन्यासारखा कापून मीठ लावलेला पांढरा मुळा मांडला. वहिनींनीं डबा उघडला: दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचें लोणचें. दादांनीं धडा चांगलाच गिरविला होता. बसतांच त्यांनीं "आज तुम्ही आमचे पाहुणे" असें जाहीर केलें. पुतण्यानें भाषांतर केलें. व्याही नम्रपणें म्हणाले कीं तो शब्द तर त्यांनीं चिठींतच घातला होता. पेचाचा निकाल लागला नाहीं.

व्याह्यांनीं सर्वांसाठीं सफरचंदाच्या रसांत सोड्याचें पाणी घातलेले पेले आणले. त्यांच्या स्वतःच्या पेल्यांतही तेंच होतें. शेजारच्या बाकावर अनोळखी कुटुंब भाजलेलें कोंबडें फोडीत होतें. व्याह्यांची नजर दोनदां तिकडे गेली व परत मुळ्यावर आली. आमच्या लक्षांत आलें नाहीं, तें वहिनींच्या आलें. सुनांच्या पानांत काय उरलें आणि कोणी काय मागितलें नाहीं, हें पाहण्यांत त्यांचा जन्म गेला आहे. त्या पुतण्याला म्हणाल्या, "त्यांना विचार, इथं आले म्हणजे एरवीं काय घेतात?"

गृहस्थ लाजले. अखेर विहीणबाईंनींच सांगितलें: लिटरभर बिअर आणि अर्धें कोंबडें, पण आज तें नको, असें घरींच ठरलें होतें.

"मग आणा म्हणावं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या पंक्तीला येऊन कुणी अर्धपोटी उठलेलं मला चालत नाहीं."

पुतण्यानें हें भाषांतर करण्यास बराच वेळ घेतला. मुलगी आपल्या बापाकडे न पाहतां वहिनींकडेच पाहत राहिली. व्याही गेले, आणि हातांत थाळी घेऊन परतले ते बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. वहिनींनीं आपला डबा वीतभर अलीकडे ओढून घेतला; तो त्यांनीं ओढला हें आम्हीं पाहिलें, आणि तें येथें लपविणार नाहीं. मग त्या पुतण्याला म्हणाल्या, "एवढंही लांब नको म्हणावं. तिथून बोलणं ऐकूं येत नाहीं."

ते अर्धें बाक पुढें सरकले. वहिनींनीं मुळा खाल्ला. पावांत चरबी असते कीं काय हें नक्की कळेना म्हणून पाव घेतला नाहीं. विहीणबाईंनीं लिंबाचें लोणचें त्याच पावाला लावून खाल्लें, डोळ्यांत पाणी आणलें, आणि पुन्हां मागितलें. मुळा असा पिळदार कसा कापतात, हें दाखविण्यासाठीं मुलीनें सुरी घेतली. पहिला मुळा वहिनींच्या हातून मधेंच तुटला.

तिथीचा विषय त्या दिवशीं निघाला नाहीं. उठतांना दादांनीं सारे रिकामे पेले गोळा करून खिडकीवर नेले, कारण तेथें पेल्यांची अनामत घेतात व पेला परत केल्यावर ती देतात. नाणीं दादांच्या हातांत आलीं. तीं भरलीं होतीं व्याह्यांनीं, पाहुणे मानले होते दादांनीं, आणि घेईना कोणीच. दादांच्या खर्चाच्या वहींत ती रक्कम अजून 'अनामत परत, मालक ठरावयाचा' अशी लिहिलेली आहे.