काड्या लावायला या!

सॅन दिएगोला ताईकडे उतरले, तेव्हा तिच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात एका तारखेभोवती लाल गोल होता. बर्थडे? छे! नोकरी गेल्यापासूनचा साठावा दिवस. एच-वन-बी व्हिसावाल्यांना नवी कंपनी शोधायला जास्तीत जास्त एवढीच मुदत मिळते, नाहीतर बॅगा भरा. तेविसावा दिवस चालू होता आणि मॅडम शनिवारी सकाळी सातला मला हलवतायत, "ऊठ, काड्या लावायला जायचंय."

काड्या लावण्यात ताईचा लहानपणापासून हातखंडा. पण या खऱ्याखुऱ्या निघाल्या. नदीकाठी दहा-बारा जण आणि बादलीत हातभर लांबीच्या फांद्या. शेजारचं झुडूप बघून मी लगेच एक्स्पर्ट, "अगं, हे तर आपलं वाळुंज!" (एमआयडीसीवालं वाळूज नव्हे, नदीकाठचं झाड.) साफ चूक. पानं तशीच लांब, निमुळती, पण हे सूर्यफुलाच्या कुळातलं. नाव म्यूलफॅट. शास्त्रीय नाव बॅकॅरिस सॅलिसिफोलिया, म्हणजे 'वाळुंजासारख्या पानांचं', तेव्हा मला माफ करा!

सूर्यफुलाची बहीण म्हणावी तर पाकळ्याच नाहीत, नुसते पांढरट-गुलाबी गोंडे. नर झुडूप वेगळं, मादी वेगळी. मादीच्या बिया म्हाताऱ्या होऊन उडतात. सोन्याच्या शोधात आलेले खाणवाले आपली खेचरं याला बांधायचे, ती पाला खायची, म्हणून हे नाव, असं सांगतात. त्याआधी इथले मूळ रहिवासी याची सरळ काडी तळहातांत घुसळून विस्तव पाडायचे.

मला आवडला तो व्हिरिओ. लीस्ट बेल्स व्हिरिओ, चिमणीहून लहान, करडा पक्षी. घरटं साधारण कंबरेच्या उंचीवर, अशाच दाट झुडपात. झुडपं गेली, पक्षी गेले. १९८६ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त ठरवलं, तेव्हा जेमतेम तीनशे जोड्या उरल्या होत्या. मग काठ पुन्हा हिरवे करायला घेतले आणि पक्षी कितीतरी पटींनी वाढले. काठासाठी म्यूलफॅट बेस्ट. पुरात आडवं होतं, पाणी ओसरलं की बुडातून पुन्हा फुटतं. काडी ओल्या मातीत खोचली तरी मुळं धरते.

आधी मात्र अरुंडो उपटायचा. वेळूसारखं दिसणारं परदेशी गवत, काठच्या काठ गिळतं. "नेटिव्ह नाही ना ते," ग्रुपलीडर म्हणाला.

"मीपण नाही," ताई म्हणाली. "मला नाही ना उपटणार?"

सगळे हसले. ताई काडी मातीत दाबत राहिली. "डोळे वरच्या बाजूला ठेव गं," मला म्हणाली, "उलटी लावलीस तर फुटायची नाही."

मी पुण्याला परतले. काल, बावन्नाव्या दिवशी, तिचा फोटो आला. काडीला तीन पानं. मी नोकरीचं विचारलं, तर उत्तर एका ओळीचं.

"मंगळवारी सेकंड राउंड. आईला सांगू नकोस."