मुंबईला निघालात? आधी पोट सांभाळा!

मुलाची मुलाखत, लग्नाचा बस्ता, कोर्टाची तारीख, नाहीतर परळच्या टाटा किंवा के.ई.एम. रुग्णालयात न्यायचा पेशंट. निमित्त काही असो, मुंबई कुणाला चुकत नाही. पण परतताना पुष्कळजण खरेदीबरोबर जुलाब, टायफॉईड नाहीतर कावीळही घेऊन येतात.

‘डॉक्टर, मी गाडीवरचं काहीच खाल्लं नाही, चांगल्या हॉटेलात जेवलो,’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. इथेच आपली फसगत होते. हॉटेलच्या भावावर जंतू ठरत नाहीत. ते ठरतात आचेवर आणि पाण्यावर. डोळ्यांदेखत कढईतून निघालेला वडा बाधत नाही. दगा देतात त्या पाणी घातलेल्या चटण्या, चिरून ठेवलेला कांदा, कापलेले कलिंगड, पाणीपुरीचे पाणी आणि उसाच्या रसातला बर्फ. वातानुकूलित हॉटेलातली थंड कोशिंबीरही याच यादीत येते.

मग जेवावे कुठे? जिथे गिऱ्हाईक सतत असते आणि अन्न गरम येते तिथे. माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायक यांचे उडुपी १९४२ पासून आहे. केळीच्या पानावर वाफाळता भात, सांबार, रसम मिळते. दादरला ‘प्रकाश’ आणि ‘आस्वाद’मध्ये थालीपीठ, साबुदाणा वडा गरमागरम मिळतो. पाणी शक्यतो घरून उकळून न्यावे. बाटली घेतल्यास सील तपासावे.

कामातून वेळ मिळाला, तर उन्हात बाजार पालथे घालू नका. वस्तुसंग्रहालय पाहा, राणीच्या बागेत सावलीत बसा (बुधवारी बंद असते), संध्याकाळी मरीन ड्राईव्हला वारा खा. म्हातारी माणसे बरोबर असतील, तर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढण्याची घाई नको.

मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवू नये. रक्तातील साखर एकदम उतरते. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

आणखी एक. टायफॉईड साधारण एक ते तीन आठवड्यांनी उमटतो, कावीळ तर महिन्याने. तोवर प्रवास विसरलेला असतो आणि दोष गावच्या नळाला जातो. म्हणून ताप आल्यास ‘मुंबईला गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून थोडे थोडे घेत राहा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती पेशंटबरोबर गेलेल्या माणसाची. तो चहा-बिस्किटांवर दिवस काढतो आणि चौथ्या दिवशी स्वतःच आडवा होतो. मग पेशंटकडे पाहायचे कुणी? त्याने दोन वेळ पोटभर गरम जेवणे ही चैन नाही. तो पेशंटच्या उपचाराचाच भाग आहे.