हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे



मागे आम्ही वैतरण्याला एका स्नेह्यांच्या घरी मुक्कामाला होतो. घरधनी रोज सकाळची डहाणू लोकल पकडून बोईसरला जातात. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर त्यांची ड्यूटी. मुलगी पालघरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, मुलगा इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला. चहा घेताना आमची नजर फळीवर गेली. ऑडिटिंगचे जाड पुस्तक, बॉयलर-टर्बाइनचे त्याहून जाड, आणि दोघांच्या मधे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचे एक जुने इंग्रजी पुस्तक. ते मुलाने रद्दीवाल्याकडून आणलेले.

आम्ही कौतुक केले, तर वहिनी म्हणाल्या, "दादा, कौतुक नका करू. ह्या पुस्तकांपायी वस्तीत आमच्याशी कोणी धड बोलत नाही."

झाले होते असे. विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी जमली, काम झाले. रविवारी वंदनेनंतर खजिनदारांनी हिशेब वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यात ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बिलं बघायला मिळतील का?" झाले! पंधरा वर्षे पदरमोड करून विहार सांभाळणारे खजिनदार दुखावले. "कालची पोर आम्हाला चोर ठरवते?" म्हणून उठून गेले. आता वहिनींचा आग्रह होता की मुलीने माफी मागावी.

आम्ही मुलीला विचारले, "बाई, तुझ्या पुस्तकात आहे तरी काय?" तिने साध्या शब्दांत सांगितले. वहीतली प्रत्येक नोंद कागदाशी जुळली पाहिजे. रोकड हाताने मोजायची. बँकेतली शिल्लक थेट बँकेकडून कळवून घ्यायची. इंग्लंडातल्या एका कापूसगिरणीचा १८९६ सालचा खटला तिला पाठ होता. व्यवस्थापक मालाचा साठा फुगवून लिहून देत होता आणि हिशेब तपासनीसांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. कोर्टाने त्यांना सोडले. तपासनीस हा राखणदार आहे, शिकारी कुत्रा नव्हे, असे न्यायमूर्तींचे मत पडले. पण पुढे जग शहाणे झाले. आज साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी तपासनीसाने गोदामात हजर राहावे लागते.

हे लांबचे वाटत असेल तर २०१९ सालची पीएमसी बँक आठवा. बड्या कर्जदाराची थकबाकी हजारो बनावट खात्यांमागे लपवली होती, असे उघडकीला आले. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. त्या रांगांत कष्टकरी माणसेच उभी होती. वही वाचली गेली, पण पडताळली गेली नाही, की भुर्दंड गरिबाला पडतो.

मुलगा म्हणाला, "माझ्या रद्दीतल्या पुस्तकातही हेच आहे." व्हिएन्नात जन्मलेला कार्ल पॉपर. त्याचा ग्रंथ १९३४ साली जर्मन भाषेत निघाला, १९५९ साली इंग्रजीत आला. त्याचे म्हणणे असे, की जे विधान काहीही घडले तरी खरेच ठरते, ते विज्ञान नव्हे. आईनस्टाईनने सांगितले होते की सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश अमुक इतका वळेल. १९१९ च्या ग्रहणात ते तपासले गेले. चुकला असता तर जगासमोर चुकला असता. उलट ताईत देणारा बाबा बघा. पोर बरे झाले तर ताईताने, नाही झाले तर तुमची श्रद्धा कमी! तो कधी चुकतच नाही. म्हणूनच तो खोटा. ऐकले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते.

इतका वेळ गप्प बसलेले घरधनी मग बोलले. "मला ही पुस्तकं वाचता येत नाहीत. पण माझा बॉयलर दरवर्षी तपासला जातो. आत पाणी भरून, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणीच का? पाणी दाबलं जात नाही. सांधा सुटला तर गळती होते, स्फोट होत नाही. वाफेनं तपासलं असतं तर माणसं गेली असती. इन्स्पेक्टर येतो तेव्हा मला कधी अपमान वाटला नाही. उलट त्या रात्री मी निवांत झोपतो."

आम्ही गप्प झालो. तिन्ही पुस्तकांचे सार त्या माणसाने सांगितले होते.

बाबासाहेबांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदाबद्दल सांगितले होते, की राज्यघटनेतला बहुधा हाच सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय. जो देशाच्या तिजोरीचा हिशेब मागायला शिकवून गेला, त्याच्या लेकरांनी विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागायला लाजावे काय?

पुढच्या रविवारी घरधनी स्वतः खजिनदारांना हाताला धरून घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बिले निघाली. सिमेंट, सळई, मजुरी, सगळे जुळले. फक्त रेतीच्या एका गाडीचे बिल नव्हते. तिथे दोन साक्षीदारांच्या सह्यांची चिठ्ठी लावली. खजिनदारांचे डोळे भरून आले. म्हणाले, "पंधरा वर्षं माझ्या पाठीमागं कुजबुज चालायची. आज पोरीनं ती मिटवली."

बंधू-भगिनींनो, तपासणी चोराला पकडते हे खरे, पण त्याआधी ती प्रामाणिक माणसाला मोकळे करते. जयंती असो, बचत गट असो की विहार, प्रत्येक खर्चाची पावती जपा आणि वही सर्वांना खुली ठेवा. आणि अशी जाड पुस्तके मुलांनी घरी आणली तर "हे आपल्याला काय कळणार?" म्हणू नका. मुलांना समोर बसवून अर्थ विचारा. कदाचित तुम्ही ते काम रोज हातांनी करत असाल.