संगणकाची किल्ली हरवली तर



घराच्या कुलपाची किल्ली सापडली नाही तर आपण लगेच दार तोडायला घेत नाही. आधी कोनाडा बघतो, फडताळ बघतो, पोरांचे खिसे चाचपतो. संगणकाचा पासवर्ड विसरला की मात्र माणूस थेट तालुक्याच्या दुकानाची वाट धरतो, आणि तिथला कारागीर पुष्कळदा यंत्राकडे नीट न बघताच सांगतो, "फॉर्मॅट मारावा लागेल." फॉर्मॅट म्हणजे पाटी कोरी. पासवर्ड जातो खरा, पण त्याच्याबरोबर थोरलीच्या लग्नाचे फोटो, बचत गटाचे हिशेब, डाळिंबाच्या फवारण्यांच्या नोंदी, सगळेच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातलाच हा प्रकार.

पुष्कळ घरांत विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हनचा संगणक अजून कोपऱ्यात आहे. एक्सपीची देखभाल कंपनीने २०१४ च्या एप्रिलात थांबवली, सेव्हनची २०२० च्या जानेवारीत. इंटरनेटला जोडायला ही यंत्रे आता धोक्याची; पण हिशेबाला नि फोटो जपायला अजून कामाची. आजचे बोलणे त्यांच्यापुरतेच, आणि तेही आपल्या स्वतःच्या यंत्राबद्दल.

पहिली गोष्ट, पासवर्ड खरोखर विसरला आहे का? निम्म्या वेळा दोष कळफलकाचा निघतो. कॅप्स लॉकचा दिवा लागला असेल तर लहान अक्षरे मोठी उमटतात. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांना नम लॉक लागते. ते बंद असेल तर तुम्ही जन्मसाल टाकता आणि आत काहीच जात नाही. घरात मराठी टंकलेखन होत असेल तर पडद्यावर भाषेची दोन अक्षरे दिसतात का पाहा. तिथे मराठी असली तर इंग्रजी पासवर्ड कसा जुळणार? एखादी कळ धुळीने बसलेली असू शकते. सेव्हनमध्ये खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून पडद्यावरचा कळफलक उघडतो. त्यावर माउसने एकेक अक्षर टिपून पाहा. पासवर्ड ठेवताना खुणेचा शब्द दिला असेल तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर सेव्हन तो दाखवतो. एक्सपीत शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारावी लागते.

आणि घरातल्यांना विचारा. धाकट्याने बारावीत असताना ठेवलेला पासवर्ड तो आज पुण्याहून फोनवर सांगू शकेल.

एवढे करूनही दार उघडले नाही, तर एक समजून घ्या. संगणक पासवर्ड जसाच्या तसा जपून ठेवत नाही, त्याचे पीठ करून ठेवतो. तुम्ही टाकलेला शब्द तो तसाच दळतो आणि दोन्ही पिठे ताडून बघतो. पिठाची ज्वारी परत होत नाही, म्हणून जुना शब्द वाचून काढता येत नाही. अंदाजाने एकेक शब्द ताडून पाहता येतो, नाहीतर जुना पुसून नवा घालता येतो.

त्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचे खाते असेल आणि त्याला व्यवस्थापकाचे अधिकार असतील, तर त्या खात्यातून तुमच्या खात्याला नवा पासवर्ड देता येतो. दुसरे खाते नसेल तरी एक्सपीत एक मागचे दार असते. यंत्र सुरू करा आणि विंडोजचे चित्र यायच्या आत एफ-८ ही कळ पुन्हापुन्हा दाबा. काळ्या पडद्यावर यादी येईल, त्यातले 'सेफ मोड' निवडा. आता खात्यांच्या यादीत अॅडमिनिस्ट्रेटर हे नाव दिसेल. त्यावर टिचकी मारा, पासवर्डची जागा रिकामी ठेवा, एंटर दाबा. यंत्र बसवताना बऱ्याच ठिकाणी या खात्याला पासवर्ड दिलेलाच नसतो, त्यामुळे दार उघडते. मग कंट्रोल पॅनेलमधल्या 'युजर अकाउंट्स'मध्ये जाऊन आपल्या खात्याचा पासवर्ड बदला. सेव्हनमध्ये हे खाते मुळातच बंद असते, तिथे ही युक्ती चालत नाही.

पण थांबा. फायलींची नावे हिरव्या रंगात दिसत होती असे आठवत असेल, तर त्या सांकेतिक करून ठेवलेल्या आहेत. बाहेरून पासवर्ड बदलला की त्या उघडणार नाहीत. अशा वेळी जुना शब्द आठवण्यातच शहाणपण.

मागचे दार नसेल तर आधी माल बाहेर काढा, कुलपाचे नंतर बघू. लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते. यंत्राला पेलेल अशी तिची हलकी आवृत्ती डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू केले, की विंडोजचा पासवर्ड आड येत नाही. फोटो आणि हिशेब दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवता येतात. हे घरी जमत नसेल तर दुकानदाराला डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायला सांगा. तेच काम. उतरवलेल्या फायली तिथेच बसून उघडून बघा, आणि मगच त्याला फॉर्मॅटची परवानगी द्या. तोवर कितीही घाई केली तरी देऊ नका.

कधीकधी विंडोज सुरू व्हायच्या आधीच, यंत्र चालू करताक्षणी पासवर्ड मागितला जातो. ते कुलूप वेगळे. टेबलावरच्या जुन्या संगणकात आत रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते. यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढा, बॅटरी अलगद काढून थोडा वेळ बाजूला ठेवा, परत बसवा. बऱ्याच यंत्रांत हा पासवर्ड पुसला जातो. लॅपटॉपमध्ये बहुधा असे होत नाही, तिथे बॅटरी उचकटत बसू नका. आणि बॅटरी परत बसवल्यावर तारीख, वेळ लगेच लावून घ्या. घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालावर गेलेले असते, आणि दुधाच्या हिशेबाच्या नव्या नोंदींवर तेच साल पडते.