मार्लीनंतरचा राजा

बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला आणि रेगे संपला, असं आपल्याकडचे कितीतरी रसिक मनापासून मानतात. मला ते मुळीच पटत नाही. त्याच सुमारास किंग्स्टनच्या डान्सहॉलांत यलोमॅनला ऐकायला गर्दी लोटत होती.

विन्स्टन फॉस्टर हे त्याचं खरं नाव. जन्मापासून त्वचेत रंगद्रव्य नाही, आईवडिलांचं छत्र नाही. बालपण अनाथाश्रमांत आणि अल्फा बॉईज स्कूलमध्ये गेलं. अशा गोऱ्या-पिवळट कातडीच्या माणसाची जमैकात तेव्हा उघड हेटाळणी होई. त्याने तो रंगच नावात घेतला आणि माईकवरून स्वतःला बायकांचा लाडका म्हणून जाहीर केलं. टवाळी करणारे नाचू लागले.

जमैकात तबकड्या लावतो तो सिलेक्टर. त्या तालावर शब्द फेकतो तो डीजे. एकाच रिडिमवर, म्हणजे तालाच्या साच्यावर, अनेक डीजे बोलतात, म्हणून कलगी-तुऱ्याच्या फडासारखी इथेही कसोटी हजरजबाबीपणाची. यलोमॅन त्यात अव्वल ठरला. १९८४ मध्ये सीबीएससारख्या बड्या अमेरिकी कंपनीने त्याचा अल्बम काढला. निर्माता जुंजो लॉजसाठी त्याने गायलेल्या ‘झुंगुझुंगुगुझुंगुझेंग’ची चाल १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्स या रॅप गटाने उचलली आणि पुढे ती रॅपमध्ये पुनःपुन्हा येत राहिली.

त्याच्या गाण्यांत अश्लीलता होती, बायकांना कमी लेखणारं बोलणं होतं. हा आक्षेप खरा आहे आणि लोकप्रियतेमुळे तो पुसला जात नाही. पण १९८० च्या रक्तरंजित निवडणुकीतून बाहेर पडलेल्या किंग्स्टनला हसायचंही होतं, ही भूक त्याने ओळखली. पुढे कर्करोगाने जबडा पोखरला, शस्त्रक्रियेने चेहरा बदलला, तरी तो मंचावर परतला. १९९४ च्या ‘प्रेयर’ या अल्बममध्ये त्याचा सूर गंभीर झाला. २०१८ मध्ये जमैका सरकारने त्याला ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ दिला.

मुंबईत आज मराठीतून रॅप करणारी मुलं न्यूयॉर्कला गुरू मानतात. त्या न्यूयॉर्कच्या माईकवरच्या बोलीवर जमैकाचीही छाप आहे. ब्राँक्समध्ये हिपहॉपचा पाया घालणारा कूल हर्कही किंग्स्टनमध्येच जन्मला होता. या मुलांनी यलोमॅन ऐकावा, त्याच्या दोषांसकट ऐकावा. दुनियेने नाकारलेला माणूस केवळ शब्दांच्या बळावर गर्दी कशी जिंकतो, हे त्याच्याइतकं स्वच्छ फार थोड्यांनी दाखवलं आहे.