पाठ टेकल्यावर

कोल्हापूरच्या तालमीत एकच गोष्ट रक्तात भिनवली गेली: पाठ टेकली की कुस्ती संपली. चाळिशीत जिउ-जित्सूच्या क्लासला गेलो तर तिथं उलटी गंगा. पोरं आपणहून पाठीवर लोळत होती. मीही लोळलो, पट्टा मिळवला, मिरवला. मग एका संध्याकाळी बॉक्सिंग खेळणारा मित्र ग्लोव्ह्ज चढवून माझ्या छातीवर बसला आणि म्हणाला, “हं, आता दाखव तुझी विद्या.”

अर्ध्या मिनिटात विद्येचा निकाल लागला. आधी मी दोन्ही हात ताठ करून त्याला ढकलू पाहिलं. हात वर गेले, तोंड उघडं पडलं. मग तालमीची सवय जागी झाली. पाठ वाचवायला पालथा झालो आणि डोक्याची मागची बाजू त्याला बहाल केली. खाली मॅट होती आणि मित्र दयाळू होता, म्हणून आज हा लेख लिहितोय.

यात कुस्तीचा दोष नाही. कुस्ती हा खेळ आहे आणि तो खेळ म्हणूनच शिकवला जातो. माझा राग आहे तो ‘स्वसंरक्षण’ अशी पाटी लावून दुकान मांडणाऱ्यांवर.

महिला दिनाची शिबिरं आठवा. दोन तासांत मनगट सोडवणं, डोळ्यांत बोटं, मग प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो. शिबिरातला हल्लेखोर मोठा सभ्य. मनगट धरतो आणि मुलीची कृती पूर्ण होईपर्यंत पुतळ्यासारखा थांबतो. अख्ख्या शिबिरात एकही मुलगी जमिनीवर पडत नाही. कपडे मळतील ना!

जिउ-जित्सूवाल्यांचं पाप निराळं. त्यांच्या स्पर्धांत ठोशांना बंदी आहे, ती असू दे. पण त्याच बिनठोशाच्या लोळण्याला आत्मरक्षण म्हणून विकायचं, ही लबाडी. ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यानं ही विद्या उभी केली ती वरून ठोसे पडतात हे धरूनच. डिसेंबर १९९४, अमेरिकेतलं टल्सा, यूएफसी या ठोशांना मुभा असलेल्या लढतींची चौथी स्पर्धा, अंतिम लढत. रॉयस ग्रेसी सुमारे ८० किलोंचा. त्याच्यावर डॅन सेव्हर्न, कसलेला कुस्तीगीर, ११८ किलोंच्या आसपास. लढतीचा बराच वेळ रॉयस पाठीवर. पायांनी त्याला अडवत, जवळ ओढत तो तग धरून राहिला. १५ मिनिटं ४९ सेकंदांवर त्याच पायांचा त्रिकोण सेव्हर्नच्या मानेभोवती पडला आणि सेव्हर्ननं हार मानली. सेव्हर्नला ठोसे मारायचा संकोच होता, हे मान्य. गल्लीतल्या गुंडाला तो नसतो. म्हणून तर सराव ठोशांसकट हवा.

ठोशाला अंतर लागतं. हात मागे खेचायला जागा मिळाली तरच त्यात दम येतो. म्हणून खाली पडलेल्याला दोनच जागा बऱ्या: अगदी बिलगून, नाहीतर पायाच्या लांबीपलीकडे. मधल्या हातभर अंतरात मार आहे. हल्लेखोर तुमच्या पायांमध्ये असेल तर हनुवटी छातीशी, त्याच्या कंबरेला पायांचा विळखा, डोकं ओढून आपल्या डोक्याशी, त्याचे दंड कवेत. तो वर उठलाच तर गुडघे मध्ये, तळवे त्याच्या कंबरेवर, आणि रेटा. छातीवर बसला असेल तर कंबर जोरात वर फेका. तोल सावरायला त्याचे हात जमिनीवर टेकतात, आणि टेकलेला हात ठोसा मारत नाही. त्याच क्षणी बिलगा, एक हात आवळा, त्याच बाजूचा पाय अडकवा, त्याच बाजूला उलथवा. आणि उठा. डांबरी रस्त्यावर लोळत राहण्यात शौर्य नाही. त्याचा दुसरा साथीदार लाथ घेऊन येतच असतो.

उठलात की पळा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ बचावासाठी गरजेपुरतीच इजा करू देतं. सुटल्यावर वरून घातलेल्या लाथांचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागेल.

हे वाचून कुणाला येणार नाही. ते अंगात मुरतं ते कुणीतरी ग्लोव्ह्ज घालून, आधी हळू, मग जोरात, पुन्हा पुन्हा मारल्यावरच. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी सरांना एवढंच विचारा: “सर, मी खाली झोपतो. तुम्ही छातीवर बसून मारा आणि मग शिकवा. चालेल?” सर हसून “आपल्याकडे मारत नाहीत” म्हणाले, तर तिथं व्यायाम जरूर करा, आत्मरक्षण शिकलो असं मात्र घरी सांगू नका.